ब्रेक दाबला की शिऱ्याचा वास

आमच्या बाबांनी बैलाला गाडी ठोकली, ही बातमी मला कालची पुरणपोळी दुधात कुस्करून खाताना कळली. गेल्या वर्षी मी अकोल्याहून पोळ्यासाठी माहेरी, अमरावतीला आले होते, आणि माहेरी आलेल्या बाईला खाताना कुणी उठवू नये हा माझा साधा नियम आहे. पण शेजारच्या काकू फाटकातूनच ओरडल्या, "ये वं बाई, पाह्य तुह्या बाबानं काय केलं! आमचा बैल उडवला ना!" मी वाटी हातात घेऊनच धावले. ठेवून धावले असते तर मायनं ती मांजरीपुढे सरकवली असती.

बैल लाकडी होता, हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पोट्टे-पोट्टी घरोघर फिरवतात. काकूंच्या घरचा बैल चांगला वासराएवढा होता. पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. पोट्टे काकूंच्या घरात लाडू खायला गेले होते आणि बैल रस्त्याच्या मधोमध एकटाच उभा होता.

बाबा व्हॅन घेऊन आले. वेग म्हणाल तर पायी चालणारा माणूस पुढे निघून जाईल इतका. बैल दिसला तसा त्यांनी ब्रेक दाबला आणि नेहमीसारखं तोंडानंही म्हणाले, "होऽ होऽ." व्हॅन काही थांबली नाही. हळूच जाऊन तिनं बैलाला मागून टेकवलं. बैलाला चाकं होती आणि आमच्या गल्लीला उतार आहे. तो घुंगरं वाजवत जो निघाला तो काकूंचं फाटक, पिठाची गिरणी असं सगळं मागे टाकून मारुतीच्या देवळाच्या पायरीवर जाऊन आदळला. एक शिंग मोडलं.

बाबा खाली उतरले, कमरेवर हात ठेवून उताराकडे पाहिलं आणि म्हणाले, "बैलाचे ब्रेक फेल हायेत."

मी इतकी हसले की पुरणपोळी नाकात गेली. काकूही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एकटा माझा धाकटा भाऊ हसला नाही. तो दारात उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, हसून काय रायली?" तो म्हणाला. "त्या बैलाच्या जागी पोट्टं असतं तं?"

मी वाटी खाली ठेवली. मांजरीनं तिचं काम केलं.

आता आमच्या बाबांचं थोडं सांगायला पाहिजे. अचलपूरच्या रस्त्यावर एका गावात आमची काळी जमीन आहे. बाबांनी जन्मभर तिथं बैल हाकले. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा भावानं शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला द्यायला लावलं, बैलजोडी विकायला लावली आणि माय-बाबांना अमरावतीच्या घरी आणलं. बदल्यात ही जुनी व्हॅन घेतली. म्हणायला घरच्या सगळ्यांसाठी, पण ती बाबांचीच झाली. भाऊ स्कूटरवर ऑफिसात जातो, त्याला चारचाकीचा धाक आहे. बाबा मात्र उतारवयात गाडी शिकले आणि बैल हाकावे तशी हाकू लागले. वळणावर जिभेनं च्यक् च्यक् करतात, चढावर तिला "चाल राजा" म्हणतात, उन्हात उभी केली तर तिच्यावर गोणपाट टाकतात. मायला भजनाला सोडणं, गल्लीतल्या कुणाला दवाखान्यात नेणं, हप्त्यातून एकदा शेतावर चक्कर मारून बांधावर उगाच उभं राहणं, हे सगळं त्या व्हॅनवर. व्हॅन काढून घेतली तर या माणसाकडे दिवसभर करायला काय उरतं, ते मला चांगलं माहीत होतं. टीव्ही, आणि मायशी भांडण.

भावानं त्याच संध्याकाळी फर्मान काढलं. "मिस्त्रीले दाखवू. गाडीत दोष निघाला तं ठीक. नाई निघाला तं बाबांचा पाय कमजोर झाला असं समजू. मंग चाबी माह्यापाशी."

"पाय?" बाबा म्हणाले. "या पायानं म्या वखर हाकलं बे."

"वखराले ब्रेक नसते, बाबा."

"म्हनूनच कधी फेल नाई झाले!"

उत्तर बिनतोड होतं, पण कामाचं नव्हतं.

पायाचा निकाल लागेपर्यंत बाबांनी दोष द्यायला काही बाकी ठेवलं नाही. आधी पेट्रोल बेकार निघालं. मग रस्ता. "लय गुळगुळीत करून ठेवला या लोकायनं. खड्डे होते तवा गाडी आपोआप थांबे." मग माझं वजन. माहेरी आले त्या दिवशी मी व्हॅनमध्ये बसून बाजारात गेले होते, त्यानं म्हणे स्प्रिंगा दबल्या. मी म्हटलं, बाबा, पायाचं बोला, माझ्या स्प्रिंगांवर येऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ वजनकाटा घेऊन आला. हा नवीन शहाणपणा. बाबांना खुर्चीवर बसवलं, काटा भिंतीला टेकवून उभा केला आणि म्हणाला, "ब्रेक समजून दाबा." बाबांनी धोतर खोचलं, डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं आणि दाबलं. काटा फिरत फिरत शेवटाला गेला, आत कटकन काहीतरी तुटलं आणि तो तिथंच राहिला. आजही तसाच आहे. आमच्या घरी आता सगळ्यांचं वजन सारखंच भरतं, आणि मला त्याची काही तक्रार नाही.

"पाह्य!" बाबा म्हणाले.

"काटाच खराब होता," भाऊ म्हणाला.

"आता झाला ना!" मी ओरडले. "लेका, तुले बाबांचा पाय पास करायचा हाये का नापासच करायचा हाये?"

"ताई, तू उद्या अकोल्याले चालली जाशीन. गाडी रोज कोन पायते? माय शेजारी बसते रोज, ते कोन पायते?" मला राग आला आणि कीवही आली. भिणाऱ्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

मिस्त्री बडनेरा रोडवरचा. त्याला घरीच बोलावलं. आल्या आल्या त्यानं ब्रेक न पाहताच सांगितलं, "काकाजी, एअर धरली." आमच्या या मिस्त्रीच्या हिशेबानं सगळ्याच गोष्टी एअर धरतात. मागे मायच्या मिक्सरनंही धरली होती. ब्रेकच्या नळीत तेल असतं म्हणे, त्यात हवा शिरली की दाब चाकापर्यंत जात नाही. हवा काढायची तर एकानं आत बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्यानं चाकापाशी बोल्ट ढिला करायचा.

बाबा पटकन आत बसायला निघाले. भावानं अडवलं, "तुमचा पाय वादात हाये." मग त्याचा स्वतःचा पाय थरथरायला लागला, म्हणून शेवटी मीच बसले. मिस्त्री गाडीखालून ओरडायचा, "दाबा!" मी दाबायची. "धरा!" मी धरायची. "सोडा!" मी सोडायची. बाबा खिडकीत उभे राहून तेच परत सांगायचे, कारण आपली गाडी दुसरा हाकतोय हे त्यांना सोसवत नव्हतं. माय ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "इतकं धरा-सोडा तं तुह्या लग्नात बी नोतं झालं."

हवा निघाली की नाही देव जाणे, पण नवीन तेल पडलं आणि ब्रेक पायाखाली दगडासारखा टणक झाला. मिस्त्रीनं हात झटकले. "पॅडल पाहा काकाजी, एकदम कडक! आता भिंतीसमोर सोडा, भिंतीले लागनार नाई."

भिंतीसमोर कुणी सोडली नाही, हे नशीब. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर बाबांनी चक्कर मारली. ब्रेक दाबला, होऽ होऽ म्हणाले, आणि व्हॅन आपल्या मर्जीनं आणखी पुढे जाऊन बाभळीच्या झुडपात तोंड घालून थांबली.

मिस्त्री डोकं खाजवत राहिला. पॅडल टणक, तेल नवीन, नळी कुठं गळत नाही. मग त्यानं जे करायला नको होतं ते केलं. त्यानं बाबांच्या पायाकडे पाहिलं. भावानं ते पाहिलं आणि हात पुढे केला.

बाबांनी चाबी दिली. त्या चाबीला गोंडा होता, शेवटच्या बैलजोडीच्या कासऱ्याचा, लाल लोकरीचा. देताना त्यांनी तो गोंडा एकदा चिमटीत धरला आणि सोडला. मग ओट्यावर मायच्या शेजारी जाऊन बसले आणि न सांगता तांदूळ निवडायला लागले. या माणसानं जन्मात तांदळाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. असं काही पाहिलं की मी रडत नाही, मी चिडते.

"दे ती चाबी इकडे," मी भावाला म्हटलं. "मी पायते."

"तुले काय समजते गाडीतलं?"

"तुले तरी काय समजते? मिस्त्रीले तरी काय समजते? माय, चाल बस गाडीत."

"मी काऊन?" माय म्हणाली.

"मी ठोकली तं साक्षीदार पायजे."

हँडब्रेकवर एक हात ठेवून मी व्हॅन गल्लीतून काढली, गोगलगाय लाजेल अशी. गिरणीपाशी ब्रेक दाबला. थोडीशी थांबल्यासारखी झाली आणि नाकात वास आला. शिऱ्याचा. साजूक तुपात रवा भाजतात तो, खमंग.

"काकूकडे शिरा होऊन रायला," मी म्हटलं.

"कालपासून तेच चालू हाये," माय म्हणाली. "जातो तिथं शिरा. गल्लीले काय झालं काय समजत नाई."

देवळापाशी ब्रेक दाबला. पुन्हा शिरा. म्हटलं, प्रसाद असेल. मग मी व्हॅन पुढच्या मोठ्या मैदानात नेली. तिथं घर नाही, दार नाही, एक म्हैस तेवढी चरत होती. ब्रेक दाबला, दाबला, परत परत दाबला. शिरा, शिरा आणि शिरा!

"माय," मी म्हटलं, "म्हैस शिरा भाजत नसते."

मी खाली उतरले, पुढच्या चाकापाशी जमिनीवर गुडघे टेकले आणि चाकाला नाक लावलं. रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसानं सायकल थांबवून विचारलं, "बाई, काय झालं?" मी म्हटलं, "जेवन झालं का पायते." तो निघून गेला. खाण्याच्या बाबतीत माझं नाक कधी चुकलेलं नाही. वास चाकातूनच येत होता.

परत आल्यावर मी मिस्त्रीला सांगितलं, चाक काढ. तो म्हणाला, ताई, एअर... मी म्हटलं, तुझी एअर गेली खड्ड्यात, चाक काढ! पुढचं उजवं चाक निघालं. आत लोखंडाची थाळीएवढी चकती असते, तिला दोन्हीकडून गुटके दाबतात, तेव्हा गाडी थांबते. ती चकती कोरडी पाहिजे. आमची पिवळीधमक होती आणि तुळतुळीत चमकत होती. गुटके पिऊन फुगले होते. मिस्त्रीनं चकतीवर बोट फिरवलं, वास घेतला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यानं ते चाटलं.

"घरचं हाये," तो आदरानं म्हणाला. "हळद बी हाये."

डावं चाक काढलं. तिथंही तेच, हळद आणि साजूक तूप. मागची दोन्ही कोरडी.

हळद आणि तूप म्हटल्यावर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून खांदे सोलून निघतात, म्हणून त्या दिवशी हळद-तूप चोळून पळसाच्या पानानं शेकतात आणि बैलांच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." कुणीतरी आमच्या व्हॅनची खांदशेकणी केली होती. चाकाच्या भोकांतून बोटं घालून, आतपर्यंत, मन लावून.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा तांदळाकडे पाहत होते. निवडलेले तांदूळ ते परत न निवडलेल्यांत टाकत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आता गंमत पाहा. पाय निर्दोष होता, ब्रेकचाच दोष निघाला होता, बाबांनी उठून नाचायला पाहिजे होतं. पण बोलावं कसं? तूप म्या लावलं म्हटलं, की भाऊ म्हणणार, पाय चांगला आहे पण डोकं गेलं, आणि चाबी परत खिशात. पायाच्या वर डोकं म्हणजे बढतीच झाली म्हणायची.

"कोनं लावलं हे?" भावानं विचारलं. तो बाबांकडे वळायलाच लागला होता.

"म्या," माय म्हणाली.

आम्ही सगळे मायकडे पाहायला लागलो. ती सुपातला खडा शोधण्यात गुंग होती. "दसऱ्याले गाडीची पूजा करतो ना आपन? म्हटलं पोळ्याले बी करावं. हात लागला असन आत. त्यात काय एवढं?"

खोटं! साफ खोटं! हे मला जितकं ठाऊक होतं तितकं कुणालाच नव्हतं. आमची माय तूप चमच्यानं वाढत नाही, चमच्याच्या दांड्यानं वाढते. माझ्या नवऱ्याला, घरच्या जावयाला, पहिल्या दिवाळसणाला तिनं चमचा वापरला, तर गावभर सांगत फिरली. ती बाई वाटीभर तूप चाकाला लावेल? आणि पोळ्याच्या सकाळीच तिनं डबा उघडून माझ्यावर आळ घेतला होता. "तूप काऊन खाली गेलं? आल्या आल्या हात मारला ना डब्यात? लगन झालं तरी लाज नाई पोट्टीले!" मी शपथा घेतल्या, दातांवर बोट फिरवून दाखवलं, तरी तिनं मानलं नाही. तूप कुठं गेलं ते तिला आत्ता या अंगणात, माझ्याबरोबर, चकती पाहून कळलं होतं.

भाऊ मायवर चिडला. "अवं माय, जीव गेला असता ना कोनाचा!"

"हाव, चुकलं," माय म्हणाली. मी तिच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नव्हता. बाबांनीही नसावा, कारण त्यांच्या हातातले तांदूळ सांडले.

मिस्त्रीनं चकत्या पेट्रोलनं धुतल्या, पॉलिश पेपरनं घासल्या, नवे गुटके बसवले. जुने गुटके तो फेकायला निघाला तेव्हा मांजर त्याच्या मागे मागे गेली. मग भावानं चाबी बाबांपुढे धरली, पण पूर्ण दिली नाही. "एक डाव पाहू द्या."

काकूंनी तेवढ्यात शिंग चिकटवलेला बैल आणून रस्त्यात उभा केला. मोठ्या कामाच्या निघाल्या. "घ्या भाऊजी, आता उडवून दाखवा!" गल्ली जमली होती. बाबा वरच्या टोकापासून व्हॅन घेऊन आले. भाऊ बैलाशेजारी उभा राहिला. त्याला सगळे म्हणाले बाजूला हो, तो झाला नाही. डोळे गच्च मिटून, हात बैलाच्या पाठीवर ठेवून उभा राहिला. बाबांनी ब्रेक दाबला. या वेळी होऽ होऽ म्हणायलाही वेळ मिळाला नाही. व्हॅन जागच्या जागी थबकली, मागच्या सीटवरचं कांद्याचं पोतं पुढे येऊन बाबांच्या मानेवर पडलं, आणि बैलाच्या शेपटीत न् व्हॅनमध्ये आरामात एक माणूस मावेल एवढी जागा राहिली. शिऱ्याचा वास नव्हता. रबराचा होता.

भावानं डोळे उघडले आणि खिडकीतून हात घालून बाबांच्या गळ्यातच पडला. पोतं मध्ये होतं, तरी पडला.

दुसऱ्या दिवशी बाबाच मला अकोल्याला सोडायला निघाले. बडनेरा मागे पडलं. मूर्तिजापूरकडे लागलो तेव्हा आजूबाजूला कपाशीची पराटी हिरवीगार उभी होती. एका शेतात माणूस पिकाच्या ओळींमधून बैल हाकत डवरणी करत होता. बाबांनी व्हॅन हळू केली. एकदम छान हळू झाली.

"तुह्या मायनं नोतं लावलं," ते म्हणाले.

"माहीत हाये, बाबा."

"तिले बी माहीत हाये का?"

"तिनं तुपाचा डबा पायला हाये, बाबा. तिले सगळं माहीत हाये."

त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "भार पुढच्या चाकावर असते ना. म्हटलं, खांदा तिथंच असन. आतमंदी असन."

मी खिडकीबाहेर पाहून हसू दाबलं. हसू दाबलं की माझं पोट हलतं, ते त्यांना दिसलं.

"हास. हास तू. पन पोळ्याच्या आदल्या दिशी संध्याकाळ झाली, अन् हात रिकामे. दरसाल दोन जीव उभे रायत जवळ. आता कोनाले चोळू? भिताडाले?" त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "घरात एक तेच होती, राबनारी."

माझं हसू तिथंच अडलं. मी म्हटलं, बाबा, समोर पाहा. ते समोर पाहत होतेच, मलाच दिसत नव्हतं.

यंदाच्या पोळ्याला मी परत गेले. आदल्या संध्याकाळी बाबा अंगणात व्हॅनभोवती घुटमळत होते आणि भाऊ खिडकीतून त्यांच्यावर नजर ठेवून होता. स्वयंपाकघरातून माय आली. हातात वाटी होती. कोमट तूप, हळद घातलेलं, आणि काठोकाठ. मी आधी वाटीकडे पाहिलं, मग मायची तब्येत बरी आहे ना ते पाहिलं.

बाबांनी हात पुढे केला. मायनं वाटी मागे घेतली. "गाडीले नाई. बसा अठी. सदरा काढा."

"कशाले?"

"बसा म्हटलं ना!"

बाबा ओट्यावर बसले. मायनं वाटी भावाच्या हातात दिली. भाऊ त्यांच्या मागे गुडघ्यावर बसला आणि त्या दोन्ही खांद्यांना हळद-तूप चोळायला लागला. खांदे काळे, हाडं वर आलेली, आणि उजव्या खांद्यावर जुना घट्टा, बैल दमला की बाबाच ओझं उचलत त्याचा. मी अंगणातल्या पळसाची पानं तव्यावर तापवून आणली. बाबांना गुदगुल्या व्हायला लागल्या. "अबे, हळू! अबे, काय करून रायला!" ते हसता हसता वाकले, आणि वाकलेलेच राहिले. हसत होते की काय करत होते, ते आम्ही कुणी वाकून पाहिलं नाही.

भावानं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

"मी घरचाच हावो ना बे," बाबा म्हणाले. "मले काऊन आवतन?"

वाटीत तूप उरलं होतं. माय ते परत डब्यात ओतेल, अशी माझी खात्री होती. तिनं वाटीत पाहिलं, थोडा विचार केला आणि भावाला म्हणाली, "वाया नोको जाऊ देऊ. उजव्या पायाले चोळ."